विश्वास ठेवा, पण काटा पाहून

थंडीची चाहूल लागली की मालवण-तारकर्ली, गोवा आणि थेट अंदमानपर्यंत मराठी पर्यटकांची वर्दळ सुरू होते. समुद्राखाली जाऊन मासे आणि प्रवाळ पाहणे ही आता मूठभरांची चैन राहिलेली नाही. कुटुंबेच्या कुटुंबे स्कूबासाठी रांगेत उभी असतात. किनाऱ्यावर चौकशी होते ती दराची, पोहता येत नसेल तर चालेल का याची आणि व्हिडिओ त्यातच मिळणार की वेगळे पैसे पडणार याची. पण ज्या यंत्रातून पुढचा सगळा वेळ श्वास घ्यायचा आहे ते शेवटचे कधी उघडून तपासले आणि सिलिंडरमधली हवा कुठे भरली, हे क्वचितच कोणी विचारते.

रीतसर प्रशिक्षण घेऊन स्वतःचा संच विकत घेतलेल्या हौशी मंडळींची गोष्टही फार वेगळी नाही. वर्षातून एकदा संच दुकानात सर्व्हिसिंगला टाकायचा, पावती घ्यायची आणि तो परत आला की थेट समुद्र गाठायचा. स्कूटर गॅरेजला द्यावी तितक्या सहजपणे हे होते. फरक एवढाच की स्कूटर रस्त्यात बंद पडली तर बाजूला घेऊन उभे राहता येते. पंधरा मीटर खोल पाण्यात तशी सोय नसते.

दुकानावर विश्वास ठेवू नये, असे कोणी म्हणणार नाही. त्याशिवाय स्कूबा होऊच शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर घरी ठेवता येत नाही आणि रेग्युलेटर उघडण्याचे कसब प्रत्येकाकडे नसते. प्रश्न एवढाच आहे की हा विश्वास कशावर उभा आहे? ओळखीवर, भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्रावर, की मोजून दाखवता येणाऱ्या आकड्यांवर? श्वासाचा मामला असेल तेव्हा तिसऱ्याच आधाराचा आग्रह धरायला हवा.

सगळा भार लहान वस्तूंवर

स्कूबाचे सिलिंडर साधारण २०० बार दाबाने भरलेले असते. मोटारीच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज यावा. या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती गाळून, कोरडी करून दाबलेली साधी हवा असते. एवढ्या दाबाची हवा थेट फुफ्फुसात घेता येत नाही, म्हणून रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांत उतरवतो. सिलिंडरवर बसणारा पहिला टप्पा हवेचा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त, इतक्यावर आणतो. दुसरा टप्पा तोंडात असतो. श्वास ओढला की त्यातला पातळ पडदा आत दबतो, झडप उघडते आणि त्या खोलीला साजेशा दाबाची हवा मिळते. फ्रान्समध्ये झॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३मध्ये तयार केलेल्या उपकरणाचे तत्त्व आजही कायम आहे.

तत्त्व सोपे असले तरी सगळा भार लहानसहान वस्तूंवर असतो. रबराच्या ओ-रिंगा, झडपेची बैठक, एखादी स्प्रिंग, बारीक गाळणी. समुद्राचे पाणी सुकले की मिठाचे स्फटिक सांध्यांत अडकतात. रबर कडक होते, पितळेवर हिरवट थर चढतो. म्हणून उत्पादक कंपन्या मॉडेलनुसार एक-दोन वर्षांनी किंवा ठरावीक डाइव्हनंतर रेग्युलेटर पूर्ण उघडून झिजणारे भाग बदलायला सांगतात. भाड्याने दिला जाणारा संच हंगामात दिवसातून अनेकदा पाण्यात जातो. हौशी माणसाच्या वर्षभराच्या डाइव्ह त्याच्या काही दिवसांतच होऊन जातात. अशा संचाला कॅलेंडर नव्हे, डाइव्हची मोजणी लावायला हवी.

आपल्या किनाऱ्यावर त्यात पावसाळ्याची भर पडते. संच तीन-चार महिने दमट खोलीत पडून राहतात आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच एकदम सर्व्हिसिंगची आठवण होते. गर्दीत घाईने काम उरकले जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच संच दुकानात गेला तर कारागिरालाही नीट वेळ मिळतो.

बिघाडापेक्षा घबराट घातक

रेग्युलेटर बिघडला तर बहुतेक वेळा हवा बंद पडत नाही, उलट ती सोसाट्याने सुटू लागते. झडपेची रचनाच तशी असते. त्या बुडबुड्यांत श्वास घेत हळूहळू वर येता येते, प्रशिक्षणात ते शिकवतातही. पण ऐनवेळी माणूस घाबरतो, श्वास रोखतो आणि जीव खाऊन वर धावतो. घात तिथेच होतो. दहा मीटर खोलीवरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला भरपूर श्वास रोखून माणूस वर आला, तर फुफ्फुसातली हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुसाची ऊती फाटायला मीटर-सव्वा मीटरचा फरकही पुरतो. फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरते आणि मेंदूकडे जाऊन रक्तप्रवाह अडवते. पाण्यातून डोके वर काढल्यावर काही मिनिटांतच बेशुद्धी, झटके किंवा अर्धांगवायू होतो. अंगावरच्या फुगवण्याच्या जॅकेटचे बटण मिठाने अडकले आणि जॅकेट आपोआप फुगत गेले, तरी हाच प्रकार घडतो. माणूस फुग्यासारखा वर खेचला जातो.

‘डायव्हर्स अ‍ॅलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या संशोधकांनी ९४७ मृत्यूंचे विश्लेषण २००८मध्ये प्रसिद्ध केले. अपघाताची सुरुवात कशाने झाली हे जिथे ठरवता आले, त्यांत हवा संपत येणे ४१ टक्के, अडकून पडणे २० टक्के आणि उपकरणातील अडचण १५ टक्के असे प्रमाण होते. म्हणजे उपकरण हे सर्वांत मोठे कारण नाही. माणसाच्या चुका त्याहून जास्त आहेत. पण उपकरणातली अडचण किनाऱ्यावरच, पाण्यात पाय टाकण्याआधी, बहुतांशी पकडता येते. टाळता येण्याजोगा हा भाग सोडून देण्याचे काही कारण नाही.

‘बोट लागली’ असे वाटते तेव्हा

सर्वांत कमी बोलले जाते ते हवेबद्दल. कॉम्प्रेसर डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालणारा असेल आणि वाऱ्याची दिशा बदलून इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या नळीत गेला, तर कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये भरला जातो. विजेवर चालणारा कॉम्प्रेसरही निर्धोक नसतो. तो फार तापला तर त्यातले वंगण जळून हाच वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. नेहमीच्या गाळण्या तेल आणि ओलावा धरतात. कार्बन मोनॉक्साइडसाठी त्यात वेगळे रसायन लागते आणि गाळणी ओलावली की तेही निकामी होते.

श्वासाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात या वायूची कमाल मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग इतकी ठेवली आहे. ती एवढी कडक का, हे पाण्याखाली कळते. दहा मीटरवर त्याच हवेतल्या विषाचा परिणाम दुपटीने, तीस मीटरवर चौपटीने होतो. त्यात फसवणूक अशी की खोलवर ऑक्सिजनचा दाबही वाढलेला असल्याने लक्षणे दबून राहतात आणि वर येताना एकदम उघडी पडतात. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते. बरोबरची माणसे म्हणतात, बोट लागली असेल. लिंबू चोखायला देतात आणि तीच सिलिंडरे घेऊन पुढचा गट पाण्यात उतरतो. एकाच ठिकाणी भरलेली हवा घेणाऱ्या दोघातिघांना एकाच दिवशी डोकेदुखी झाली, तर दोष समुद्राचा नव्हे, कॉम्प्रेसरचा असण्याची शंका आधी घ्यावी.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले हे यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये फरक करू शकत नाही. रुग्ण गुदमरत असतो आणि यंत्र ९८ दाखवत राहते. खरे निदान रक्ताच्या विशेष तपासणीतून होते. मात्र उपचार निदानासाठी थांबवायचे नसतात. घट्ट मास्कमधून शंभर टक्के ऑक्सिजन ताबडतोब सुरू करायचा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास पुरतो.

मोजण्याचा एक नियम आधीपासूनच आहे

विश्वासाच्या बाबतीत स्कूबाच्या जगाने एक उत्तम नियम स्वतःच घालून घेतला आहे. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा. ३२ टक्के ऑक्सिजनचे मिश्रण घेऊन साधारण ३३ मीटरच्या खाली जाऊ नये असा दंडक आहे, कारण त्यापुढे ऑक्सिजनच विषारी ठरून झटके येऊ शकतात. म्हणून असे सिलिंडर घेणाऱ्याने स्वतः यंत्र लावून ऑक्सिजनचे प्रमाण मोजायचे, आकडा सिलिंडरवर लिहायचा आणि वहीत सही करायची. दुकानदार कितीही ओळखीचा असो. यात त्याला अपमान वाटत नाही, उलट तोच यंत्र पुढे करतो. मग हीच पद्धत साध्या हवेच्या कार्बन मोनॉक्साइडला, सिलिंडरच्या तारखेला आणि सर्व्हिस केलेल्या रेग्युलेटरला का नको?

सर्व्हिसिंगनंतर तर ती अधिकच हवी. यंत्र उघडून पुन्हा जोडले की त्यात नवी चूक शिरण्याची शक्यता असते, हे विमानवाहतुकीने फार पूर्वी ओळखले. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. तो सुदैवाने वाचला. ती काच आदल्याच दिवशी बदलली होती. ९० पैकी ८४ बोल्ट हव्या त्या जाडीपेक्षा किंचित बारीक होते. भूलतज्ज्ञही याच कारणाने, कंपनीचा माणूस कालच येऊन गेलेला असला तरी, भुलीचे यंत्र रोज सकाळी स्वतः तपासतात. त्यात अविश्वास नसतो. ज्याच्या हातात रुग्णाचा श्वास असतो त्याची ती जबाबदारी असते.

म्हणून दुकानातून आलेला संच आधी तरणतलावात किंवा उथळ पाण्यात वापरून पाहावा. सहलीच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग उरकून घेऊ नये. संच परत घेताना काही गोष्टी हक्काने मागाव्यात. बदललेले जुने भाग पिशवीत घालून मिळावेत. रेग्युलेटरचा क्रमांक, तारीख आणि काम करणाऱ्याचे नाव पावतीवर असावे. मधला दाब किती ठेवला आणि तो स्थिर राहिला का, हे आकड्यात लिहिलेले असावे. हा दाब हळूहळू चढत राहिला तर आतली बैठक झिजली आहे, असा अर्थ होतो. तो मोजायला लहानसा मापक पुरतो आणि दोन मिनिटे लागतात. जो कारागीर हे लिहून देतो त्याने ते केलेले असते. ‘सगळे ओके आहे’ एवढेच सांगणाऱ्याने केले असेल किंवा नसेलही.

स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. चुकीचे वंगण किंवा चुकीच्या रबराची रिंगही घात करू शकते. घरी करायचे काम साधे आहे. प्रत्येक डाइव्हनंतर पहिल्या टप्प्यावर टोपी घट्ट बसवून संच गोड्या पाण्यात भिजवावा. त्या वेळी तोंडाजवळच्या भागाचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी आत शिरते. नंतर संच सावलीत वाळवावा.

सिलिंडरवर काय कोरले आहे?

घरच्या गॅस सिलिंडरच्या कड्यावर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ‘बी २७’ म्हणजे जून २०२७ पर्यंत या सिलिंडरची चाचणी व्हायला हवी. स्कूबाच्या सिलिंडरच्या खांद्यावरही चाचणीची तारीख ठोकलेली असते. या चाचणीत सिलिंडर पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात आणि तो किती फुगतो, पुन्हा मूळ मापावर येतो का, हे मोजतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ही चाचणी पाच वर्षांनी होते, आतून डोळ्यांनी तपासणी त्याहून लवकर. आपल्याकडे हा विषय गॅस सिलिंडर नियम २०१६ आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेकडे येतो. गंजलेले सिलिंडर फुटले तर पहिला बळी जातो तो हवा भरायला उभ्या असलेल्या दुकानातल्याच पोराचा. तारखेचा आग्रह त्याच्याही जिवासाठी धरायचा.

पाण्यात उतरण्यापूर्वी पर्यटकालाही पाच मिनिटांत एवढे पाहता येते. संच भाड्याचा असेल तर प्रशिक्षकाला समोर करून दाखवायला सांगावे.

१. सिलिंडरच्या खांद्यावरची तारीख वाचावी. रंगाखाली बुजलेली असेल तर दुसरे सिलिंडर मागावे.

२. झडप बंद असताना रेग्युलेटरमधून श्वास ओढून पाहावा. हवा येता कामा नये. आली, तर कुठेतरी फट आहे आणि तिथून पाणी येईल.

३. झडप उघडल्यावर दाबमापकाकडे पाहत चार खोल श्वास घ्यावेत. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर झाला तर झडप पूर्ण उघडलेली नाही किंवा गाळणी तुंबली आहे.

४. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ते सिलिंडर नाकारावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण त्याच्याबरोबरच्या धुराला असतो.

५. जॅकेट पूर्ण फुगवून काही मिनिटे ठेवावे. ते बसत गेले किंवा बटण सोडल्यावरही फुगत राहिले, तर बदलून घ्यावे.

६. तोंडात धरायचा भाग जंतुनाशकाने धुतला का, हे विचारावे. एकाच्या तोंडातून काढून दुसऱ्याला देणे चालवून घेऊ नये.

‘बुडून मृत्यू’च्या पुढे

दुर्घटना घडलीच तर डॉक्टर आणि पोलीस यांच्याकडूनही आज आहे त्याहून अधिक अपेक्षा आहे. पाण्यातून काढलेल्या मृतदेहाच्या कागदावर ‘बुडून मृत्यू’ लिहिणे सोपे असते आणि ते चूकही नसते. पण पोहता येणारा, तोंडात हवेची नळी असलेला माणूस बुडाला का, हा खरा प्रश्न त्या दोन शब्दांखाली गाडला जातो. हृदयविकाराचा झटका आला, हवा संपली, फुफ्फुस फाटले की हवेतच विष होते? याचे उत्तर मिळायचे तर संच धुऊ नये, उघडू नये. पंचनाम्यात काटा किती दाब दाखवतो याची नोंद हवी. झडप बंद करताना किती फेरे लागले हेही लिहावे. सिलिंडरमधली उरलेली हवा तपासणीला पाठवावी आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड आहे का ते पाहावे. असे झाले नाही तर दोषी दुकान सुटते आणि निर्दोष दुकानावर संशयाचा डाग कायमचा राहतो. दोन्ही वाईटच.

दुकानदारांच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. कॉम्प्रेसरच्या गाळण्या, सुटे भाग, हवेची तपासणी, प्रशिक्षित कारागीर या सगळ्याला पैसे पडतात. किनाऱ्यावर शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणारे गिऱ्हाईक तपासणीबद्दल एक शब्दही विचारत नसेल, तर प्रामाणिकपणे खर्च करणारा मागे पडतो आणि गाळणी न बदलणारा स्वस्त ठरतो. बाजार फक्त दरावर चालला की सुरक्षितता हा फुकटचा खर्च वाटू लागतो. ग्राहकाच्या प्रश्नांनीच तो खर्च वसूल होतो.

त्यामुळे प्रत्येक स्कूबा केंद्राने एक साधा फलक दर्शनी भागात लावावा. कॉम्प्रेसरची गाळणी कधी बदलली, हवा कधी तपासली, सिलिंडरांची आणि रेग्युलेटरांची शेवटची तपासणी कधी झाली, एवढ्या चार तारखा त्यावर असाव्यात. परवाना देणाऱ्या यंत्रणेने तो सक्तीचा करावा आणि कॉम्प्रेसरला कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र जोडलेले आहे का, हे वर्षातून एकदा येऊन पाहावे. चांगल्या दुकानाला असा फलक लावणे जड जाणार नाही. आणि जे दुकान तारखा विचारल्यावर चिडेल, तिथून काहीही न बोलता शेजारच्या दुकानाकडे वळावे. समुद्र उद्याही तिथेच असतो.